स्लीप ॲप्निया आणि सीपॅप : सवयीने काय सुटते आणि काय दुरुस्त करावे लागते?

मंद्रसप्तक

नमस्कार. तीन औषधे घेऊनही माझा रक्तदाब आटोक्यात येत नव्हता, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी मला स्लीप स्टडी करून घ्यायला सांगितली. तीत एएचआय ३८ निघाला. झोपेच्या दर तासाला श्वास पूर्ण थांबण्याचे किंवा बराच उथळ होण्याचे प्रसंग किती आले, ते हा आकडा सांगतो, आणि किमान १० सेकंद टिकलेला प्रसंगच त्यात धरला जातो. ५ पेक्षा कमी असेल तर सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, अशी विभागणी आहे. रात्रीत रक्तातील प्राणवायूची पातळी ७६ टक्क्यांपर्यंत उतरत होती. निदान अडथळ्यामुळे होणाऱ्या, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह प्रकारच्या, स्लीप ॲप्नियाचे झाले आणि मला सीपॅप, म्हणजे मास्कमधून सतत दाबाने हवा देणारे, यंत्र देण्यात आले.

यंत्र वापरू लागून काही आठवडे झाले आहेत. उपचारावर माझा अविश्वास नाही. ज्या रात्री मास्क पूर्ण वेळ टिकतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी डोके हलके असते आणि दुपारी डोळे मिटत नाहीत. मात्र अशा रात्री कमी येतात. मास्कच्या कडेने हवा निसटून डोळ्यांवर येते, घसा कोरडा पडतो, सकाळी पोट फुगलेले असते, आणि पहाटे जाग येते तेव्हा मास्क शेजारी पडलेला असतो. तो मी केव्हा काढला हे मला आठवतही नाही. ज्यांना विचारावे ते ‘हळूहळू सवय होईल’ एवढेच सांगतात. माझा प्रश्न असा आहे की, यांतल्या कोणत्या गोष्टी खरोखर सवयीने जातात आणि कोणत्या गोष्टींसाठी यंत्रात, मास्कमध्ये किंवा उपचारात काहीतरी बदलावे लागते?

तिसरा प्रहर

हे यंत्र मी अनेक वर्षे वापरतो आहे, त्यामुळे आधी तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर देतो. चेहऱ्यावर काहीतरी बांधले आहे ही जाणीव, यंत्राचा आवाज, नळी सांभाळून कूस बदलणे आणि श्वास सोडताना समोरून हवा येते आहे असे वाटणे, एवढ्या चार गोष्टी सवयीने जातात. गळती, कोरडा घसा, चोंदलेले नाक, फुगलेले पोट आणि नाकाच्या दांड्यावर उठणारे वळ सवयीने जात नाहीत, कारण त्या प्रत्येकामागे काहीतरी ठोस कारण असते आणि ते शोधावे लागते. या दुसऱ्या यादीतल्या त्रासांना पहिल्या यादीत टाकल्यामुळेच कितीतरी यंत्रे कपाटात जाऊन बसतात, असे माझे मत आहे.

गळतीबद्दल सविस्तर लिहितो, कारण बाकीचे बरेच त्रास तिच्यातूनच निघतात. हवा निसटू लागली की माणूस पट्टे आवळतो, आणि बहुतेक वेळा गळती त्यानेच वाढते. मास्कच्या गादीची आतली कड सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्याची असते. आतल्या दाबाने तो पापुद्रा किंचित फुगून त्वचेला सर्व बाजूंनी टेकला, तरच हवा अडते. पट्टे फार आवळले की तो दुमडतो, त्याला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून हवा बाहेर पडू लागते. शिवाय नाकावर वळ उठतात ते वेगळेच. मास्क आरशासमोर बसून बांधू नये. यंत्र सुरू करून, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर आडवे होऊन तो जुळवावा, कारण आडवे झाल्यावर गालांचा आकार बदलतो आणि बसून नीट बसलेला मास्क तिथे सैल पडतो. मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून, गादी फुगू देऊन पुन्हा टेकवला की पट्टे सैल असूनही गळती थांबल्याचे अनेकदा दिसते.

झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुवावा आणि मास्क टेकतो तिथे तेल किंवा क्रीम लावू नये. दाढी असेल तर नाकाला आणि तोंडाला मिळून झाकणारा मास्क सहसा गळतो. नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारे छोटे उशीसारखे मास्क तिथे बरे पडतात. मास्कच्या आकाराचा निर्णय एका बैठकीत होईल अशी अपेक्षा ठेवू नये, आणि बदलून मागायला संकोच तर अजिबात करू नये.

एक इशारा द्यायचा राहिला. मास्कला जी बारीक भोके असतात त्यांतून हवा सतत बाहेर पडत असते, आणि ती गळती नव्हे. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच निघून जातो. आवाज येतो म्हणून ही भोके चिकटपट्टीने किंवा पांघरुणाने झाकण्याचा मोह नव्या माणसाला होतो; तसे कधीही करू नये.

अबोली

मंद्रसप्तक, पहाटे मास्क काढला जातो म्हणता, तसे माझेही होत असे, मात्र माझ्या बाबतीत त्याचे मूळ भीतीत होते. नाकावर काही आले की गुदमरल्यासारखे वाटून मी उठून बसत असे. त्याआधी माझे निदान व्हायलाच फार उशीर झाला होता, कारण मी मोठ्याने घोरत नव्हते. झोप तुटणे, सकाळची डोकेदुखी, सततचा थकवा आणि चिडचिड अशा माझ्या तक्रारी होत्या, आणि रजोनिवृत्तीच्या काळात असे व्हायचेच, असे मला सांगितले जात होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये या आजाराचे प्रमाण वाढते आणि त्यांची लक्षणे पुष्कळदा निद्रानाशासारखी दिसतात, हे मला निदानानंतर कळले. या धाग्यावर कोणी भगिनी वाचत असतील तर ‘मी तर घोरत नाही’ एवढ्यावर त्यांनी हा विषय बाजूला ठेवू नये.

भीतीवर मला उपयोगी पडलेला उपाय रात्रीचा नव्हता, दिवसाचा होता. आधी यंत्र बंद ठेवून, पट्टे न लावता मास्क नुसता हाताने नाकाशी धरायचा. मग पट्टे लावून वाचत बसायचे. मग यंत्र सुरू करून, बसूनच, एखादा आवडता कार्यक्रम पाहायचा. मग दुपारी थोडा वेळ तसेच आडवे व्हायचे. प्रत्येक पायरीवर कंटाळा येईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे जायचे. ज्याचा कंटाळा येतो त्याची भीती उरत नाही, असे माझे निरीक्षण आहे. मास्क एका हाताने झटकन काढता येतो, हे अंधारात दोन-चारदा करून पाहिल्यानेही मन निवांत झाले.

कार्यरत

मी निद्राविकारांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करतो. वर दोघांनी लिहिलेले योग्यच आहे. त्यामागे काय घडते ते थोडे सांगतो, म्हणजे कोणता त्रास कोणत्या बाजूने सोडवायचा हे ठरवणे सोपे जाईल.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि जीभ, मऊ टाळू व पडजीभ यांच्यामागची वाट अरुंद होते. मऊ भिंतींची नळी जोरात चोखली की ती जशी आतून मिटते, तशी ही वाट श्वास घेताना मिटते. सीपॅप त्या वाटेत खोलीतलीच हवा थोड्या दाबाने भरून ठेवतो, म्हणजे हवेचाच आधार देऊन ती उघडी ठेवतो. तो प्राणवायूचे यंत्र नाही, आणि तुमच्याऐवजी श्वासही घेत नाही. ‘एकदा लावले की फुप्फुसे आळशी होतात’ ही समजूत म्हणूनच निराधार आहे. यंत्र सोडले की आजार परत दिसतो, कारण तो मुळात बरा झालेला नसतो, आवरलेला असतो. ही युक्ती ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. त्याआधी तीव्र रुग्णांसाठी खात्रीचा उपाय गळ्याला छिद्र पाडण्याचा होता, आणि सुरुवातीच्या सीपॅप रुग्णांना मास्क दर रात्री सिलिकॉनने चेहऱ्यावर चिकटवावा लागे. आजच्या पट्ट्यांना नावे ठेवताना मला हे आठवते.

आता पहाटे मास्क निघण्याबद्दल. रात्रीच्या शेवटच्या तृतीयांशात स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, जास्त असते. तीत स्नायू सर्वांत सैल असतात, त्यामुळे श्वासाचे अडथळे तेव्हाच वाढतात, आणि उताणे झोपलेल्यांचे आणखी वाढतात. आपोआप दाब बदलणारे यंत्र त्या वेळी दाब चढवते, दाब चढला की गळती सुरू होते, गळतीने झोप चाळवते आणि अर्धवट जागेपणी हात मास्ककडे जातो. त्यामुळे मास्क निघतो तो नेमका सर्वांत गरजेच्या वेळी. ‘निदान पहिले चार तास तरी लावला’ हे समाधान माझ्या मते पुरेसे नाही, कारण त्या चार तासांत आजाराचा सौम्य भाग येतो आणि कठीण भाग उपचाराविना राहतो. जाग आली की मास्क पुन्हा लावून झोपणे ही एक गोष्ट मात्र निश्चयाने करावी.

कोरड्या घशाचे कारण बहुधा तोंडातून निसटणारी हवा हे असते. नाकाचा मास्क लावून तोंड उघडे पडले की हवा नाकातून शिरून तोंडातून बाहेर जाते, वाटेत ओलावा घेऊन जाते, नाकाचे अस्तर सुजते, नाक चोंदते आणि तोंड आणखी उघडते. हे चक्र दोन ठिकाणी तोडता येते. एक, हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरची पातळी वाढवणे आणि त्यात डिस्टिल्ड पाणी वापरणे. नळीत पाणी साचून गुरगुरू लागले, तर ओलावा कमी करण्याआधी गरम होणारी नळी वापरून पाहावी आणि यंत्र डोक्याच्या पातळीच्या खाली ठेवावे. दोन, नाकाचाच उपचार करणे. मिठाच्या पाण्याचा फवारा किंवा डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा पुष्कळांचा प्रश्न सोडवतो. तरीही तोंड उघडत असेल, तर नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्यावा. ओठांवर चिकटपट्टी लावण्याचे सल्ले समाजमाध्यमांवर फिरतात. नाक चोंदलेल्या किंवा रात्री उलटी होण्याची शक्यता असलेल्या माणसाने ते मुळीच ऐकू नयेत.

पोट फुगते ते हवा अन्ननलिकेत गिळली गेल्यामुळे. तिथे दाब गरजेपेक्षा जास्त आहे का, हे डॉक्टरांनी पाहावे लागते. ही यंत्रे साधारणपणे ४ ते २० सेंटिमीटर पाणी एवढ्या दाबात चालतात, आणि पुष्कळदा ती सगळी पट्टी मोकळी ठेवूनच रुग्णाच्या हाती दिली जातात. खालची मर्यादा ४ वर ठेवली की काहींना हवा अपुरी वाटते, आणि वरची मर्यादा २० वर राहिली की गळतीला फसून यंत्र विनाकारण चढते. काही आठवड्यांच्या नोंदी पाहून ही पट्टी अरुंद केली, श्वास सोडताना दाब कमी करणारी सोय सुरू केली आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच केली, की बहुतेकांचे पोट शांत होते.

मंद्रसप्तक

कार्यरत, आपले आभार. यंत्रात रोजच्या नोंदी दिसतात, पण त्यांतले काय वाचावे हे मला समजत नाही. कृपया सांगाल का?

कार्यरत

तीन गोष्टी पाहाव्यात आणि त्याही एका रात्रीच्या नव्हे, आठवड्याच्या. वापराचे तास, गळती आणि उरलेला एएचआय, म्हणजे यंत्र लावूनही दर तासाला होणारे प्रसंग. उरलेला एएचआय ५ च्या आत असणे चांगले. तो जास्त असेल आणि गळतीही जास्त असेल, तर आधी गळती थांबवावी, कारण गळती असताना यंत्राची मोजणीच भरवशाची राहत नाही. गळती नसतानाही तो जास्त असेल आणि नोंदीत ‘सेंट्रल’ किंवा ‘क्लिअर एअरवे’ प्रसंग अधिक दिसत असतील, तर तिथे वाट उघडी असते पण मेंदूकडून श्वासाची सूचनाच येत नसते. हे उपचाराच्या सुरुवातीला काही जणांत दिसते आणि पुष्कळदा आपोआप ओसरते, तरी ते डॉक्टरांना दाखवावे. त्यावर दाब स्वतःच वाढवत नेणे चुकीचे ठरते.

प्रतिवादी

सर्वांच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण एक अवघड प्रश्न विचारतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सेव्ह या मोठ्या चाचणीत हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेले २,७०० हून अधिक रुग्ण होते, आणि सीपॅपमुळे त्यांच्यातील हृदयविकाराचे व पक्षाघाताचे प्रमाण कमी झाले नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी करायचा?

कार्यरत

प्रश्न रास्त आहे. त्या चाचणीत रुग्णांनी यंत्र सरासरी रात्रीचे ३.३ तास वापरले होते, म्हणजे वर लिहिलेल्या कारणाने अर्ध्याहून अधिक झोप उपचाराविनाच गेली. शिवाय दिवसा अतिशय झोप येणाऱ्यांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते, त्यामुळे ज्यांना सर्वांत अधिक फायदा होतो ते रुग्ण बाहेर राहिले. तरीही, ‘सीपॅप लावला की हृदयविकार टळतो’ असे आश्वासन कोणी देत असेल, तर ते चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही, हे तुमचे म्हणणे मी मान्य करतो. त्याच चाचणीत दिवसाची पेंग, मनःस्थिती आणि जगण्याची गुणवत्ता मात्र सुधारली होती. रक्तदाबही सरासरीने थोडासाच उतरतो. औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबात त्याहून बरा फरक दिसतो, आणि धागाकर्ते त्याच गटातले आहेत.

तिसरा प्रहर

यात मी वाहन चालवण्याची भर घालीन. उपचार न घेतलेल्या ॲप्नियात गाडी चालवताना डुलकी लागण्याचा धोका खरा आहे आणि त्यात आपल्याबरोबर इतरांचाही जीव असतो. एपवर्थ मापनावर, म्हणजे मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या आठ प्रश्नांच्या चाचणीवर, २४ पैकी १० हून अधिक गुण आले तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजतात. उपचार सुरू झाल्यावर ती पुन्हा भरून पाहिली, तर फरक स्वतःलाच कळतो.

दुसरी वाट

मला सीपॅप जमला नाही, तेव्हा माझी बाजूही नोंदवतो. माझा आजार मध्यम स्वरूपाचा होता. मास्क बदलून, दाब बदलून आणि वर अबोलीताईंनी सांगितलेला सराव करूनही रात्रीत दोन तासांपलीकडे मजल गेली नाही. अखेर दंतवैद्यांनी दातांच्या मापाने बनवलेले, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन दिले. एएचआय कमी करण्यात ते सीपॅपइतके प्रभावी नसते, हे मला स्पष्ट सांगण्यात आले होते. पण जे रात्रभर वापरले जाते ते, जे टेबलावर पडून राहते त्यापेक्षा उपयोगी ठरते. सकाळी जबडा काही वेळ आखडलेला असतो आणि दीर्घकाळात दातांची ठेवण थोडी सरकू शकते, म्हणून नियमित तपासणी करावी लागते. साधन बसवल्यावर ते लावून पुन्हा स्लीप स्टडी केली, आणि हे सर्वांनी करावे, कारण घोरणे थांबले म्हणजे ॲप्निया थांबला असे होत नाही.

कार्यरत

सहमत आहे. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने आजार सहसा सौम्य होतो, मात्र तोपर्यंत यंत्र थांबवू नये. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी टिर्झेपेटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मंजूर केले. त्याचा परिणाम मुख्यतः वजन घटण्यातून होतो, त्यामुळे बारीक रुग्णांसाठी ते नाही. जिभेच्या मज्जातंतूला चेतना देणारे, छातीत बसवायचे उपकरणही निवडक रुग्णांना देतात. रात्रीचे मद्य आणि झोपेच्या काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, हे मात्र सर्वांना लागू आहे.

मंद्रसप्तक

थोडी प्रगती कळवतो. पट्टे सैल करून मास्क आडवा होऊन जुळवला, तेव्हा डोळ्यांवर येणारी हवा थांबली. डॉक्टरांनी नोंदी पाहिल्या आणि दाबाची पट्टी ४ ते २० ऐवजी ८ ते १३ केली. पोटाचा त्रास जवळजवळ गेला आहे. मास्क अजूनही कधीकधी पहाटे निघतो, पण आता जाग आली की मी तो पुन्हा लावतो, आणि गळतीचा आलेख पाहिला तर निघण्याच्या थोडे आधी गळती वाढलेली दिसते. बहुधा उताणे होताना नळी ओढली जाते, म्हणून ती पलंगाच्या डोक्याशी वरून सोडली आहे. रक्तदाबाबद्दल इतक्या लवकर काही म्हणता येणार नाही.

दोन प्रश्न उरले आहेत. सर्दी झाल्यावर काय करावे, आणि स्वच्छता नेमकी किती पाळावी? ओझोनने निर्जंतुक करणाऱ्या पेट्यांच्या जाहिराती मला सतत दिसू लागल्या आहेत.

तिसरा प्रहर

पेट्या घेऊ नका. ओझोन श्वसनमार्गाला त्रासदायक असतो, आणि अशी उपकरणे तोवर मंजूर केलेली नव्हती हे अमेरिकेच्या नियामकांनी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले होते. मास्कची गादी रोज आणि नळी व पाण्याचे भांडे आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवून सावलीत वाळवणे पुरेसे असते. भांड्यातले उरलेले पाणी रोज सकाळी ओतून द्यावे. हवेची गाळणी काळवंडली की बदलावी.

सर्दीत मी झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक मोकळे करतो, ओलावा वाढवतो, डोके उंच ठेवतो आणि नाक-तोंड झाकणारा दुसरा मास्क वापरतो. तो त्यासाठीच जपून ठेवला आहे. नाक पूर्ण बंद असेल तर एखादी रात्र यंत्राविना कुशीवर झोपून काढतो आणि नाक उघडताच पुन्हा सुरू करतो.

अबोली

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या चापा असतात. घरात कोणाला पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेले असेल, मग तो रुग्ण असो वा शेजारी झोपणारा, तर मास्क घेतानाच ते सांगून बिनचुंबकी चापा मागाव्यात. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना ॲप्निया असल्याचे आधी कळवावे आणि आपले यंत्र व मास्क रुग्णालयात सोबत न्यावा, कारण भुलीनंतरच्या आणि वेदनाशामकांच्या गुंगीत घसा नेहमीपेक्षा अधिक सैल असतो.

मंद्रसप्तक

हे माझ्या उपयोगाचे आहे, कारण पुढच्या महिन्यात माझी हर्नियाची शस्त्रक्रिया आहे. दाखल होण्याच्या कागदांवर या आजारासाठी वेगळी जागा दिसली नाही, त्यामुळे यंत्राचे नाव, मास्कचा प्रकार आणि दाबाची पट्टी वेगळ्या कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला जोडतो आहे.